ब्लोअर १५ मिनिटांनी बंद, दोन रिले बदलून झाले. आता तपासायचं कुठून?

पांदण_रस्ता :
राजेहो, जरा डोकं लावा. पेट्रोल हॅचबॅक, साधा एसी, चार स्पीडचा गोल नॉब. चावी ऑन केली की ब्लोअर लागते, चारही स्पीड बरोबर. ४ नंबरवर १५-२० मिनिटं चालला की आवाजासकट बंद. अर्धा तास गाडी सावलीत उभी ठेवली की पुन्हा सुरू. ३० अँपिअरचा हिरवा फ्यूज एकदाही उडला नाही. रिले (ब्लोअरचा करंट जोडणारा विजेवरचा खटका) दोनदा बदलला, दोन्ही वेळा महिना-दीड महिना टिकला. आता काढला तर त्याची एक पत्ती निळी-काळी झालेली अन् खालच्या बेसचं प्लास्टिक त्याच बाजूनं तपकिरी.
दोष रिलेचाच आहे का दुसरीकडं? अन् एवढं जळून राहिलं तर फ्यूज काहून उडत नाही? आमच्या आर्णीच्या बाजूला मे महिन्यात ब्लोअरशिवाय गाडी म्हणजे वीटभट्टी. घरी साधा मल्टिमीटर आहे, पान्हे-पेचकस आहेत.

काळी_कसदार :
बॅटरीवरून डायरेक्ट वायर आना, खटक्याचं बटन लावा, इषय खतम. रिलेबिले कायले पाह्यजे? तपासता तपासता मिरग लागून जाईन तुमचा.

सरकी_पेंड :
डायरेक्ट केल्यावर मिरगापर्यंत गाडी राह्यली पाह्यजे ना भाऊ.

टेस्टलॅम्प :
डायरेक्टचं नंतर बोलू.
एकच पत्ती काळी आणि बेसही त्याच बाजूनं तपकिरी, म्हणजे उष्णता रिलेच्या पोटात तयार होत नाही, पत्ती जिथं बेसमध्ये बसते त्या सांध्यात होते. रिले मेला हे खरं, पण मारणारा बेसमध्येच बसून आहे. तिसरा घातला तर तोही दीड महिन्यात जाईल.
आता फ्यूज. फ्यूजला फक्त करंट कळतो, सांधा किती तापला ते त्याला कळत नाही. एवढ्या गाडीचा ब्लोअर ४ नंबरवर साधारण १५ ते २० अँपिअर ओढतो. ढिल्या सांध्यात १ व्होल्ट जरी पडला तरी २० अँपिअरला तिथं २० वॅट उष्णता झाली. रेडिओवाल्याचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. ते डॅशबोर्डखाली प्लास्टिकमध्ये खुपसून तुम्ही गाडी चालवून राहिले. त्यात सांध्याचा रोध वाढला की मोटारीला व्होल्टेज कमी पोचतं, करंट उलट उतरतो. मग फ्यूज उडेल कशाला?
रिलेच्या बुडाशी प्रत्येक पत्तीजवळ आकडा असतो : ३०, ८५, ८६, ८७. काळी कोणती ते सांगा.

पांदण_रस्ता :
८७. अक्षर इतकं बारीक की बॅटरी मारून पाहावं लागलं.

घाटावरचा :
एसी फिल्टर आधी काढून बघा. कपाशीच्या हंगामात फिल्टरवर कापसाचा थर बसतो, मग मोटारीला जोर लागतो, करंट वाढतो आणि रिले जळतो. साधी गोष्ट आहे, उगाच वायरिंग खोलू नका.

संत्री_मोसंबी :
फिल्टर काढून बघा हे बरोबर, कारण चूक. ब्लोअरचा पंखा पिंजऱ्यासारखा असतो, मधून हवा ओढून कडेनं फेकणारा. त्याची हवेची वाट अडवली की तो हलका फिरतो आणि करंट कमी घेतो. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आठवा, नळी तळहातानं बंद केली की आवाज चढतो, कारण मोटारीवरचं ओझं उतरलेलं असतं.
तुंबलेल्या फिल्टरनं जळतो तो रेझिस्टर. १, २, ३ स्पीडचा रेझिस्टर मुद्दाम हवेच्या मार्गात बसवलेला असतो, ब्लोअरच्याच हवेनं थंड राहावा म्हणून. हवा थांबली की त्याच्यावरचा थर्मल फ्यूज वितळतो. तेव्हा १-२-३ बंद आणि फक्त ४ चालू राहतो. मूळ प्रश्नात चारही स्पीड चालू आहेत आणि बंद पडताना सगळंच पडतं, म्हणजे रेझिस्टरचा संबंध नाही.
करंट खरोखर वाढतो तो बुश (मोटारीचा दांडा ज्यात फिरतो ते) कोरडे पडल्यावर, पिंजऱ्यात काडी-कचरा घासल्यावर किंवा आर्मेचर (मोटारीचा फिरणारा गाभा) शॉर्ट झाल्यावर.

घाटावरचा :
ताई, हे नवीन कळलं. पण वीस वर्षांपासून सगळे मिस्त्री फिल्टरच सांगतात.

सरकी_पेंड :
कारण फिल्टर त्यांच्या दुकानात विकाले असते, अन् बेसमधली पत्ती नसते.

टेस्टलॅम्प :
८७ असेल तर चित्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे, तरी अंदाजावर बेस कापू नका. आधी वाट समजून घ्या.
बॅटरीपासून मेन फ्यूज, तिथून रिलेच्या ३० वर जाडी वायर. रिले ओढला, म्हणजे आतला पॉइंट खेचला गेला, की ३० आणि ८७ जुळतात. ८७ वरून सप्लाय ब्लोअर मोटारीच्या प्लसला. काही गाड्यांत ब्लोअरचा फ्यूज रिलेच्या आधी असतो, काहींत नंतर. मोटारीच्या मायनसवरून वायर रेझिस्टरकडं आणि नॉबकडं जाते, शेवटी बॉडी अर्थ, म्हणजे गाडीचा पत्रा. स्पीड कमी-जास्त होतो तो बहुतेक मॅन्युअल गाड्यांत या अर्थच्या बाजूनं. ४ नंबरला रेझिस्टर वगळून सरळ अर्थ मिळतो, आणि काही गाड्यांत ४ नंबरला वेगळा दुसरा रिले असतो. ८५ आणि ८६ ही कॉइल, रिले ओढणारं तारेचं वेटोळं. चावी ऑन झाली की तिला १२ व्होल्ट मिळतात. तिचा रोध ६० ते १२० ओहमच्या दरम्यान आला की कॉइल ठीक.
दोष हजर असताना तपासा. ब्लोअर बंद पडला की चावी ऑनच ठेवा, नॉब ४ वरच, गाडी सावलीत घ्या आणि थंड व्हायच्या आत कामाला लागा. पहिलं, फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात, दोन्हीवर टेस्ट लॅम्प (वायर जोडलेला तपासणीचा बल्ब) पेटला पाहिजे. एकावर पेटतो, एकावर नाही, तर फ्यूजच गेला. दुसरं, रिलेवर बोट ठेवून चावी बंद-चालू करा. टक् जाणवली तर कॉइलची बाजू सोडून द्या, दोष ३०-८७ किंवा त्याच्या पुढं. टक् नाही तर रिले उपसून ८५ आणि ८६ च्या खाचांमध्ये मीटर लावा, १२ च्या आसपास आलं पाहिजे. तिसरं, ३० च्या खाचेत टेस्ट लॅम्प चावी बंद असतानाही पेटला पाहिजे. काही गाड्यांत तो चावीनंतरच पेटतो, तेवढं लक्षात ठेवा.
आणि चौथं, ३० आणि ८७ च्या खाचा वायरनं जोडून पाहा. वायर अडीच चौरस मिलिमीटरची, मधे ३० चा फ्यूज, दोन्ही टोकांना रिलेच्या पत्तीच्या मापाची थिंबल (वायरच्या टोकावर दाबून बसवायची पत्ती). नुसती तार कोंबू नका. ब्लोअर लागला तर पुढची लाइन आणि मोटार जिवंत आहे.
मोठ्या रिलेच्या पत्त्या ६.३ मिलिमीटर रुंद असतात. मल्टिमीटरचं जाडं टोक खाचेत रेटलं की आतली मादी पत्ती (रिलेची पत्ती जिच्यात शिरते ती) फाकते आणि कायमची ढिली होते. तुमच्या गाडीत बहुतेक हेच कोणीतरी करून ठेवलंय.

पांदण_रस्ता :
टेस्ट लॅम्प नाही, मीटर आहे. चालते का? सगळीकडं १२ च दाखवते ते.

संत्री_मोसंबी :
इथंच बहुतेक लोक फसतात. मल्टिमीटर जवळजवळ करंट घेतच नाही. २० तारांपैकी १९ तुटलेल्या आणि एक शिल्लक, तरी मीटर १२.४ दाखवणार. त्याच तारेतून १८ अँपिअर मागा, मग कळेल.
टेस्ट लॅम्प घरीच करा. इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब, होल्डर, दोन वायर, एकीला मगरचिमटा. तो पावणेदोन अँपिअर खातो, म्हणजे कमजोर सांधा लगेच उघडा पडतो, बल्ब पिवळट पेटतो. त्याहून ओझं हवं असेल तर जुन्या हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब, साडेचार अँपिअर. दोन पथ्यं पाळा. ऑटोमॅटिक एसीच्या कंट्रोल वायरला हा बल्ब लावायचा नाही, आणि कॉइलची अर्थ कम्प्युटरमधून येत असेल तर तिथंही नाही, तिथं मीटरच. शिवाय पिवळ्या स्लीव्हच्या वायरी आणि पिवळे कपलर (वायरी जोडायचे प्लास्टिकचे सांधे) एअरबॅगचे असतात, त्यांना काहीच टोचायचं नाही.

झाडीपट्टीचा :
आमच्या भंडाऱ्याकडं उन्हाचं वेगळंच असते. ४५ अंशात बाहेर उभी गाडी, डॅशबोर्डखाली त्याहून जास्त. कॉइल गरम होऊन रिले सोडत असेल. तांब्याचा रोध उष्णतेनं वाढतो, हे तर पुस्तकातलं आहे.

संत्री_मोसंबी :
वाढतो, पण किती ते मांडून बघू. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २५ अंशाला ८० ओहमची कॉइल ७५ अंशाला ९५ च्या आसपास जाते. गार असताना ८ व्होल्टला ओढणारा रिले आता साडेनऊ मागेल. इंजिन चालू असताना गाडी देते १४. भरपूर शिल्लक आहे. शिवाय एकदा ओढलेला रिले धरून ठेवायला त्याच्या निम्म्याहूनही कमी पुरतं. त्यामुळे चालता चालता बंद पडणं कॉइलच्या गरमीनं होत नाही. गरम असताना बंद करून पुन्हा सुरू केला आणि ओढलाच नाही, तर कॉइलच्या सप्लायवर संशय घ्या.

झाडीपट्टीचा :
मान्य. मग ऊन निर्दोष सुटलं म्हणायचं.

सरकी_पेंड :
जामिनावर.

टेस्टलॅम्प :
उनाचा हात आहेच, पण दुसऱ्या जागी. फाकलेली मादी पत्ती आधीच स्प्रिंगसारखी धरत नाही. तापली की पितळाचा ताण आणखी उतरतो, मग जास्त तापते, बेसचं प्लास्टिक मऊ होतं, पत्ती मागे सरकते आणि सांधा तुटतो. गार झालं की थोडी परत टेकते. १५ मिनिटांचं गणित तिथलं आहे.
एक विचारायचं राहिलं. बंद पडताना ब्लोअरचा आवाजही जातो का फक्त हवा? फक्त हवा कमी झाली आणि घरघर चालूच असेल तर ते एव्हॅपोरेटरवर (एसीच्या गार होणाऱ्या जाळीवर) बर्फ जमल्याचं लक्षण, त्यात रिलेचा काही संबंध नसतो. तुम्ही 'आवाजासकट' लिहिलंय, तरी खात्री करा.

पांदण_रस्ता :
आवाज पूर्ण जाते. टक् मात्र येते. ३०-८७ जोडल्यावर ब्लोअर लागला, पण वायर हलवली की बंद-चालू.

टेस्टलॅम्प :
हलवली की बंद-चालू, मग बेस पक्का. पण आता लाइन उघडलीच आहे तर पूर्ण मोजून घ्या, कारण एक ढिला सांधा दुरुस्त केला की त्याच्यामागचा दुसरा तोंड वर काढतो.
व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे कोणत्या टप्प्यात किती व्होल्ट पडतात, तो असा काढायचा. इंजिन चालू, ब्लोअर ४ वर, रिले जागेवर. मीटर डीसी २० वर. मीटरची एक वायर बॅटरीच्या प्लसपर्यंत लांबवावी लागेल. डोअरबेलची बारीक वायर आणि मगरचिमटा चालतो, मीटर करंट घेत नाही म्हणून वायर बारीक असली तरी फरक पडत नाही. टप्पे असे : बॅटरी प्लस ते ३० ची वायर, ३० ची वायर ते ८७ ची वायर, ८७ ची वायर ते मोटारीचा प्लस, मोटारीचा मायनस ते बॅटरी मायनस. वायरमध्ये टोचायचं ते कपलरच्या मागच्या बाजूनं, शिलाईच्या सुईनं, इन्शुलेशन सोलून नाही.
रिले २ मिलिमीटर वर उचलला की त्याच्या पत्त्या दिसतात. तिथं टेकवून रिलेचा स्वतःचा ड्रॉप वेगळा काढा. चांगला रिले ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत असतो.

संत्री_मोसंबी :
करंटही मोजा, पण मल्टिमीटर लाइनमध्ये लावून अजिबात नाही. त्याचं मोठं भोक १० अँपिअरचं, इथं दुप्पट जाणार. आणि घरच्या वायरमनचा क्लॅम्प मीटर बहुतेक फक्त एसी करंट मोजतो, गाडीच्या वायरवर शून्य दाखवेल. सोलर पंप बसवणाऱ्या पोरांकडं डीसी क्लॅम्प असतो, पॅनेलची लाइन मोजायला लागतो त्यांना. तासाभरासाठी मागून आणा. जबडा एकाच वायरभोवती, प्लस-मायनस दोन्ही घेतल्या तर पुन्हा शून्य. आधी वायर न घेता झीरोचं बटण दाबा.

उनाड_वासरू :
मधेच विचारतो, माफी. माझ्याकडं उलटं आहे. चावी काढली तरी ब्लोअर फिरतच राहते, बॅटरीची पत्ती काढावी लागते.

टेस्टलॅम्प :
रिलेचे पॉइंट चिकटलेत. पेचकसच्या मुठीनं रिलेवर हलकी टिचकी मारा, थांबला तर शंभर टक्के. रिले बदला, टिचकीवर विसंबू नका, रात्रीत बॅटरी उतरेल. आणि नवा घालण्याआधी मोटारीचा करंट बघा. मोटार जड फिरत असेल तर सुरू होतानाचा झटका मोठा असतो, त्यात पॉइंट वितळून जुळतात.

निंबाखाली :
माझी ऑटोमॅटिक एसीची गाडी आहे, तिच्यात तो रेझिस्टर दिसत नाही. हेच सगळं तिलाही लागू का?

संत्री_मोसंबी :
रिले, फ्यूज, अर्थ, मोटार इथपर्यंत तेच. रेझिस्टरऐवजी तिथं ट्रान्झिस्टरचं मॉड्यूल असतं, त्याला अॅल्युमिनियमच्या पंखोळ्या, तेही हवेच्या मार्गात. कम्प्युटर त्याला बारीक सिग्नल देतो. मॉड्यूल बिघडलं की ब्लोअर कधी एकदम फुल, कधी पूर्ण बंद. वर सांगितलेला २१ वॅटचा बल्ब त्या सिग्नलच्या वायरवर लावायचा नाही, हे पुन्हा सांगते.

काळी_कसदार :
एवढ्या पंचायतीपरीस माझं डायरेक्ट काय वाईट होतं, कोनी सांगंन का?

टेस्टलॅम्प :
आता सांगतो. खटक्याचं बटण बहुतेक वेळा घरच्या २३० व्होल्ट एसी करंटचं असतं, त्यावर ६ अँपिअर लिहिलेलं. एसी करंट दर सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, ठिणगी आपोआप विझते. डीसी तसा येत नाही. १८ अँपिअर डीसी त्यानं तोडला की ठिणगी लांबते, पॉइंट जळतात, काही दिवसांत बटण वितळतं. दुसरं, वायर बॅटरीवरून घेतली आणि मधे फ्यूज घातला नाही, तर ती बोनेटच्या धारेला घासून सोलली की सगळी बॅटरी त्या वायरमधून ओतली जाणार. कॉटन टेप उनात चिघळून सुटते, तिच्या भरवशावर राहू नका. तिसरं, चावी काढल्यावर बटण बंद करायचं विसरलं की सकाळी धक्का मारायला गावातली पोट्टी गोळा करा.
करायचंच असेल तर वेगळा रिले, बॅटरीपासून एक वीतभर अंतरावर ३० चा फ्यूज, ४ चौरस मिलिमीटर वायर, आणि कॉइलला गाडीचीच जुनी ८५-८६. एवढं केलं की ते डायरेक्ट राहतच नाही, कंपनीनं जे दिलं तेच पुन्हा झालं.

काळी_कसदार :
मंग कंपनीवाल्यायलेबी अक्कल हाय म्हना.

पांदण_रस्ता :
मोजलं. सोलर पंपवाल्याकडून क्लॅम्प मिळाला. इंजिन चालू, नॉब ४, आकडे व्होल्टमधे :
बॅटरीवर १४.०
बॅटरी प्लस ते ३० ची वायर ०.२
३० ची वायर ते ८७ ची वायर १.६
त्यात रिलेच्या दोन पत्त्यांमधे ०.१५, अन् ३० च्या सांध्यात ०.१
८७ ची वायर ते मोटार प्लस ०.२
मोटार मायनस ते बॅटरी मायनस ०.७
मोटारीवर ११.३, करंट १८ अँपिअर.

टेस्टलॅम्प :
असे आकडे मिळाले की अर्धं काम झालं. १.६ मधून ०.१५ आणि ०.१ वजा केले, ८७ च्या एकट्या सांध्यात १.३५ उरले. गुणिले १८, म्हणजे २४ वॅटच्या वर. सोल्डरिंग आयर्न म्हटलं होतं ते मोजून तेवढंच निघालं.
आणि दुसरा चोर ०.७. अर्थच्या बाजूला नॉब आणि सगळे सांधे धरून ०.३-०.४ च्या वर नको.
८७ साठी : बॅटरीचा मायनस काढा, पाच-दहा मिनिटं थांबा. बेस खाचेतून मागे ओढा. पुढून बारीक पेचकसनं जिभली दाबली की मादी पत्ती वायरसकट मागून बाहेर येते. ती परत आवळून वापरू नका, निळी पडलेल्या पितळात स्प्रिंग उरत नाही. वायरही सोलून बघा, आतलं तांबं काळं आणि कडक असेल तर लाल, मऊ तांबं दिसेपर्यंत कापा. साधारण एक-दोन इंच जातात. नवी ६.३ ची मादी पत्ती, वायरच्या मापाची. बेसचं प्लास्टिक वितळून भोक वाकडं झालं असेल तर वायरसकट नवा रिले बेस मिळतो तो घ्या. पत्ती बसवायच्या आधी जुन्या रिलेची एक चांगली पत्ती तिच्यात घालून ओढून बघा, बोटाला स्पष्ट अडकाव जाणवला पाहिजे. इतर तीन खाचांनाही तीच परीक्षा.
तुमच्याकडं फ्यूज बॉक्स आणि रिले एकाच छापील प्लेटवर असतील तर पत्ती सुटी निघत नाही. मग फक्त ३० आणि ८७ बाहेर काढून वेगळ्या बेसवर घ्यायचे.

घाटावरचा :
झाळून घेतलं तर? थिंबल दाबण्यापेक्षा सोल्डर पक्कं.

संत्री_मोसंबी :
गाडीत नुसतं सोल्डर नको. कथील वायरच्या तारांमध्ये चढतं, तिथं वायर काडीसारखी ताठ होते आणि पांदणीच्या हादऱ्यात नेमकी त्या कडेला तुटते. शिवाय साधं कथील १८३ अंशाला वितळतं. सांधा तापणाराच असेल तर घरंगळून जाईल. योग्य पक्कडनं क्रिम्प, वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). नुसत्या साध्या पक्कडनं चेपलेलं क्रिम्प ओढून बघा, हाताला सुटलं तर ते क्रिम्प नव्हतंच.

सरकी_पेंड :
ताईंनी पांदणीचं नाव घेतलं अन् धागाकर्त्याचं नावबी पांदण_रस्ता. भाऊ, दोष तुमच्या नावात हाय.

झाडीपट्टीचा :
०.७ साठी अर्थचा बोल्ट कुठं शोधायचा? प्रत्येक गाडीत वेगळा असते.

टेस्टलॅम्प :
शोधायच्या आधी वाटून घ्या. मोटार मायनस ते नॉबच्या कपलरमध्ये येणारी वायर एक टप्पा, नॉबच्या आतून दुसरा, नॉबच्या अर्थ वायरपासून बॅटरी मायनस तिसरा. ज्यात जास्त पडतं तिथं जा. अर्थचा बोल्ट बहुतेक वेळा डाव्या किंवा उजव्या पायाशी, प्लास्टिकच्या पट्टीमागं असतो. काळ्या मातीचे पाय गाडीत येतात, पावसाळ्यात गालिच्याखाली ओल धरते, वायरचं थिंबल हिरवं होतं. बोल्ट काढा, थिंबल आणि पत्रा पॉलिश पेपरनं चमकेपर्यंत घासा, रंग राहू देऊ नका, घट्ट आवळा आणि वरून थोडं व्हॅसलीन. व्हॅसलीन आधी नाही, आवळल्यावर.
नॉबच्या आतच ०.३ च्या वर असेल तर नॉबचे पॉइंट जळालेत. कपलर काढून नाकाशी धरा, जळक्या प्लास्टिकचा वास लपत नाही.

घाटावरचा :
मोटार काढलीच तर काय बघायचं? फिल्टरवर माझा डाव हुकला, निदान हे तरी सांगा.

टेस्टलॅम्प :
ग्लोव्ह बॉक्सखाली तीन स्क्रू आणि एक कपलर. पिंजरा बोटानं फिरवा, सोडल्यावर दोन-तीन फेरे सहज घ्यायला हवेत. लगेच थांबला तर बुश कोरडे किंवा आत कचरा. सकाळी गार गाडीत चिमणीसारखा चिर्र आवाज हे बुशचंच. पंख्याच्या दात्यांत कापसाचा तंतू गुंडाळलेला असतो, तो हलक्या हातानं काढा, दाते वाकवू नका. पिंजऱ्यावर वजनाची छोटी क्लिप असेल ती हलवू नका, नाहीतर घरघर सुरू. हातानं ठोकल्यावर चालू होणारी मोटार म्हणजे कार्बन (मोटारीतले ब्रश) संपले.
हवा ओढायचं तोंड काचेखाली, वायपरच्या जाळीमागं असतं. उंदीर तिथून येतात. पाव इंची लोखंडी जाळी कापून बसवा, पाणी जायची वाट मोकळी ठेवून. नॅप्थॅलिनच्या गोळ्या तिथं टाकू नका, तो वास थेट तुमच्या नाकात.

पांदण_रस्ता :
८७ ची नवी पत्ती टाकली, दीड इंच वायर कापली. बेस नवाच घेतला. अर्थचा बोल्ट डाव्या पायाशी होता, थिंबल पूर्ण हिरवं. पुन्हा मोजलं : बॅटरी १४.०, प्लस ते ३० ०.२, ३० ते ८७ सांध्यासकट ०.२५, ८७ ते मोटार ०.२, अर्थ बाजू ०.२५. मोटारीवर १३.१.
पण करंट १८ चा २२ झाला. वाढला कसा? काही बिघडवलं का मी?

संत्री_मोसंबी :
काही बिघडलं नाही. मोटारीला ११.३ ऐवजी १३.१ मिळाले, पंखा जोरात फिरतो, जास्त हवा ढकलतो, म्हणून जास्त करंट घेतो. आधीचे १८ हे उपाशी मोटारीचे होते. ३० चा फ्यूज २२ ला पुरेसा आहे, ४० चा नारिंगी घालायचा मोह टाळा, वायर ३० च्या हिशोबाची आहे. रिलेवर ४०/३० असं लिहिलं असेल तर ४० हे ८७ साठी आणि ३० हे ८७अ साठी असतं, म्हणजे रिले सुटलेला असताना जुळणाऱ्या पत्तीसाठी.

टेस्टलॅम्प :
४ नंबरवर अर्धा तास चालवून बेसवर बोट ठेवा. कोमट चालेल, बोट ठेवता येत नसेल तर पुन्हा पत्ती बघा. त्यानंतर १ नंबरवरही तपासा, रेझिस्टर आतापर्यंत कमी व्होल्टेजवर होता.

पांदण_रस्ता :
४० मिनिटं झाली. बेस कोमट. १, २, ३ चालू. ४ ला आता एवढी हवा येते की समोरचे कागद उडून राहिले.

सरकी_पेंड :
उडू द्या, त्यात डायरेक्टवाल्या भाऊंचा वायरिंगचा नकाशा असंन.

उनाड_वासरू :
माझ्यावाल्याले टिचकी मारली, थांबला. नवा रिले टाकला. जुन्याचं टोपण उघडलं तर पॉइंट एकमेकाले वितळून चिकटले, नखानं सुटले. मोटारीचा करंट किती यावा ४ वर, अन् तो क्लॅम्प कोनत्या वायरवर लावू?

टेस्टलॅम्प :
मोटारीच्या कपलरपाशी येणाऱ्या दोन जाड वायरींपैकी कोणतीही एक. १५ ते २२ च्या आत असेल तर मोटार ठीक. २५ च्या वर गेला की पिंजरा काढून बुश बघा. रिलेवर छोट्या डायोडचं (एकाच दिशेनं करंट जाऊ देणाऱ्या भागाचं) चिन्ह छापलेलं असेल तर ८६ ला प्लस आहे ना तेही बघून घ्या, उलटा बसला तर डायोड पहिल्या चावीलाच जातो.